लहान सर्व्हर रूमचं तापमान आणि दमटपणा: नजर ठेवायला सुरुवात कशी करावी

लाईट गेली की सर्व्हर चालू राहतो आणि एसी बंद पडतो. लहान सर्व्हर रूममधल्या बहुतेक संकटांची सुरुवात इथेच होते. युपीएस सर्व्हरसाठी घेतलेला असतो, एसीचा कॉम्प्रेसर त्याला झेपत नाही, म्हणून एसी थेट महावितरणच्या लाईनवर असतो. युपीएसच्या बॅटऱ्या जितक्या दमदार, तितका जास्त वेळ सर्व्हर बंद खोलीत उष्णता ओतत राहतात. वीज परत आली तरी काही स्प्लिट एसी आपोआप सुरू होत नाहीत, रिमोटचं बटण कुणीतरी दाबावं लागतं. शनिवारी संध्याकाळी असं झालं तर सोमवारी सकाळी कुलूप उघडेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

खोली किती झपाट्याने तापते याचा हिशोब एकदा करून बघाच. दहा बाय दहा फुटांची, दहा फूट उंच खोली म्हणजे साधारण २८ घनमीटर हवा, वजनाने ३४ किलोच्या आसपास. एवढी हवा एक अंशाने तापवायला ३४ किलोज्यूल पुरतात. रॅकमधली यंत्रं मिळून ३ किलोवॅट वीज खात असतील तर ती जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होऊन बाहेर पडते, म्हणजे दर सेकंदाला ३ किलोज्यूल. नुसत्या हवेचा विचार केला तर दर अकरा-बारा सेकंदांना एक अंश, आणि २४ वरून ४० वर जायला जेमतेम तीन मिनिटं. भिंती, फरशी, रॅकचं लोखंड बरीच उष्णता पितात, त्यामुळे प्रत्यक्षात इतकी घाई होत नाही. पण सुरुवातीचा चढ फार उभा असतो, आणि भिंती एकदा तापल्या की एसी सुरू करूनही खोली लवकर निवत नाही.

हे फक्त लहानांच्या वाट्याला येतं असं नाही. १९ जुलै २०२२ रोजी ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच पारा चाळिशीपार गेला, त्या दिवशी लंडनमध्ये गूगल आणि ओरॅकल यांच्या डेटा सेंटरमधली कूलिंग यंत्रणा कोलमडली. गायज अँड सेंट थॉमस या मोठ्या सरकारी रुग्णालय समूहाची दोन्ही डेटा सेंटर बंद पडली आणि तिथल्या डॉक्टरांना कागद-पेनावर काम करावं लागलं. चाळीस अंश ही तर आपल्याकडे नागपूर, अकोला, चंद्रपूरला एप्रिलमधली रोजची दुपार.

हा लेख पतसंस्था, कॉलेज, दवाखाना, कारखान्याचं ऑफिस अशा ठिकाणी एक-दोन रॅकची खोली ज्यांच्या गळ्यात नव्याने पडली आहे त्यांच्यासाठी आहे. ऐरोली-महापेच्या मोठ्या डेटा सेंटरमध्ये यासाठी वेगळी यंत्रणा आणि चोवीस तास माणसं असतात. तुमच्याकडे दोन्ही नाहीत असं धरून मी लिहितो आहे. दोन गोष्टी पक्क्या धरून ठेवा: तापमान मोजायचं ते यंत्र हवा आत ओढतं तिथे, आणि बिघाडाचा निरोप माणसापर्यंत जायचा तो त्या खोलीवर अजिबात अवलंबून नसलेल्या वाटेने. बाकीचं सगळं या दोन गोष्टी जमवण्यासाठीच करायचं.

पायरी १: सेन्सर विकत घेण्याआधी खोली बघा

युपीएसच्या डिस्प्लेवर लोड किती किलोवॅट दिसतो ते लिहून घ्या. एसी किती टनांचा आहे ते बघा. एक टन म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. पण एसीवर छापलेली क्षमता बाहेर ३५ अंश असतानाची असते. बाहेर ४५ असताना तोच एसी तितकी उष्णता काढू शकत नाही, आणि त्याचं आउटडोअर युनिट गच्चीवर भर उन्हात, भिंतीला चिकटून बसवलेलं असेल तर आणखीच कमी. म्हणून "दीड टनाचा आहे, पुरतो" हे वाक्य जानेवारीत खरं आणि मे महिन्यात खोटं असू शकतं.

मग या गोष्टी तपासा. लाईट जाऊन आल्यावर एसी स्वतःहून सुरू होतो का? एमसीबी पाडून, पाच मिनिटांनी वर करून बघा. होत नसेल तर एसीवाल्याला ऑटो रीस्टार्टबद्दल विचारा. काही मॉडेलमध्ये ती सोय असते आणि फक्त चालू करायची राहिलेली असते. रिमोटवर स्लीप मोड लागलेला नाही ना? स्लीप मोड रात्री तापमान हळूहळू वर नेतो, माणसाला थंडी वाजू नये म्हणून. सर्व्हरला त्याचा उपयोग नाही.

एसीचं इनडोअर युनिट नेमकं रॅकच्या डोक्यावर असेल तर आजच त्याची नोंद करा. ड्रेन पाईप तुंबला की पाणी थेट सर्व्हरवर टपकतं. एसीची किंवा रॅकची जागा बदलता येत नसेल तर निदान खाली पत्र्याचा ट्रे आणि त्यात पाण्याचा सेन्सर हवा.

रॅकमध्ये सर्व्हरांच्या मध्ये रिकाम्या जागा असतील तर त्या ब्लँकिंग पॅनलने बंद करा. या फटींतून मागची गरम हवा पुढे येते आणि सर्व्हर स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा आत ओढतो. हे काम स्वस्त आहे आणि बऱ्याचदा एसीचं तापमान दोन अंशांनी उतरवण्यापेक्षा जास्त गुण देतं.

पायरी २: चांगला आकडा कोणता

अमेरिकेतली अॅश्रे ही संस्था यासाठीच्या शिफारशी काढते आणि जगभर त्याच मानतात. यंत्राच्या तोंडाशी, म्हणजे जिथून ते हवा ओढतं तिथे, १८ ते २७ अंश ही शिफारस केलेली पट्टी. २००४ साली ती २० ते २५ होती, २००८ मध्ये रुंद केली. याशिवाय चालवून घेता येईल अशी मोठी मर्यादा असते. सध्याच्या बहुतेक सर्व्हरसाठी ती १० ते ३५ अंश असते. नेमका आकडा तुमच्या सर्व्हरच्या माहितीपत्रकात मिळेल.

यातून एक गोष्ट निघते: खोली १८ अंशांवर कुडकुडत ठेवायची काहीच गरज नाही. तोंडाशी २४-२५ अंश मिळत असतील तर यंत्रं खूश असतात आणि वीजबिल कमी येतं. पावसाळ्यात जास्त थंड खोली उलट त्रास देते, ते पुढे येईलच.

युपीएसच्या बॅटऱ्यांचं गणित मात्र वेगळं आहे. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंश धरून सांगितलेलं असतं, आणि त्यावर दर आठ-दहा अंशांना ते निम्म्यावर येतं. युपीएस खोलीबाहेर जिन्याखाली ठेवला असेल तर सर्व्हर गारव्यात आणि बॅटऱ्या पस्तिशीत, अशी स्थिती असते. तिथेही एक सेन्सर हवा.

पायरी ३: आधीपासून असलेले सेन्सर वापरा

बहुतेक ब्रँडेड सर्व्हरमध्ये पुढच्या बाजूला हवेचं तापमान मोजणारा सेन्सर असतोच. डेलमध्ये तो आयड्रॅक या, सर्व्हर दुरून सांभाळायच्या सोयीच्या पानावर दिसतो, एचपीईमध्ये आयएलओच्या. इतरांमध्ये आयपीएमआय नावाच्या सोयीतून वाचता येतो. तिथे इनलेट किंवा अँबियंट असं नाव शोधा. सीपीयूचं तापमान बघून खोलीचा अंदाज बांधू नका. ते कामाच्या ताणावर वर-खाली होतं आणि ७० दिसलं तरी घाबरण्याचं कारण नसतं.

यात एक मेख आहे. कंपनीने ठरवलेली इनलेटच्या इशाऱ्याची पातळी बहुतेकदा चाळिशीच्या आसपास असते. तोवर खोली हाताबाहेर गेलेली असते. ही पातळी बदलता येते तिथे बदला, नाहीतर नुसता आकडा वाचून घ्या आणि इशारा तुमच्या सॉफ्टवेअरमधून द्या.

नेटवर्क स्विच आणि युपीएससुद्धा स्वतःचं तापमान सांगतात, एसएनएमपी या प्रोटोकॉलने. एसएनएमपी सुरू करताना त्याचा मूळ पासवर्ड, जो जवळजवळ सगळीकडे 'पब्लिक' असतो, तो आधी बदला.

पायरी ४: स्वतंत्र सेन्सर कुठे लावायचे

सर्व्हरची वीजच गेली की त्याचा सेन्सरही मुका होतो, म्हणून स्वतंत्र सेन्सर हवेतच. आणि चांगला सेन्सर चुकीच्या जागी लावण्यापेक्षा साधा सेन्सर योग्य जागी लावलेला बरा. भिंतीवर दाराजवळ टांगलेलं डिजिटल थर्मामीटर खोलीतल्या माणसाला काय वाटतं ते सांगतं, सर्व्हरला काय मिळतं ते नाही. एसीच्या डिस्प्लेवरचा २२ हा आकडा तर बहुधा तुम्ही मागितलेलं तापमान असतो, खोलीचं नव्हे.

पहिला सेन्सर रॅकच्या पुढच्या जाळीच्या दारावर, वरच्या भागात. ४२ यूच्या, म्हणजे पूर्ण उंचीच्या, रॅकची उंची सुमारे दोन मीटर असते, गरम हवा वर चढते आणि रॅकच्या माथ्यावरून पुढे वळते. त्यामुळे सर्वात वरच्या सर्व्हरला सर्वात गरम हवा मिळते. एकाच सेन्सरची ऐपत असेल तर तो इथेच लावा. तीन शक्य असतील तर वर, मध्ये आणि खाली. वरच्या आणि खालच्या सेन्सरमध्ये सहा-सात अंशांचा फरक दिसला तर गरम हवा पुढे येते आहे असं समजा आणि पॅनलच्या फटी पुन्हा तपासा.

दुसरा सेन्सर एसीच्या पंख्याच्या तोंडाशी, थंड हवा बाहेर पडते तिथे. हा सेन्सर माझ्या मते सगळ्यात कमी लावला जातो आणि सगळ्यात आधी बोलतो. एसी नीट चालू असताना इथे साधारण १२ ते १६ अंश दिसतात. कॉम्प्रेसर बंद पडला आणि नुसता पंखा फिरत राहिला तर दोन-तीन मिनिटांत हा आकडा खोलीच्या तापमानाला जाऊन मिळतो. रॅकजवळचा सेन्सर अजून २५ दाखवत असतानाच तुम्हाला एसी गेल्याचं कळतं. कॉम्प्रेसर अधूनमधून बंद होणं हे त्याचं नेहमीचं काम असतं, म्हणून आकडा सलग दहा-पंधरा मिनिटं चढलेला राहिला तरच इशारा द्या. दोन एसी असतील तर दोघांना वेगवेगळा सेन्सर लावा. एक गेला आणि दुसऱ्याने निभावून नेलं, हे नाहीतर आठवडे कळत नाही.

तिसरा रॅकच्या मागे. पुढच्या आणि मागच्या हवेत १० ते १५ अंशांचा फरक असणं नॉर्मल आहे. मागे ३८ दिसले म्हणून एसी वाढवू नका.

सेन्सर थेट लोखंडाला चिकटवू नका, त्यात दोन सेंटिमीटर तरी हवा खेळू द्या. केबल टायने जाळीला बांधून टोक मोकळं ठेवलं की काम झालं.

पायरी ५: कोणता सेन्सर घ्यायचा आणि तो खरं बोलतो का

पैसे असतील तर नेटवर्कला थेट जोडता येणारं तयार उपकरण घ्या. एकेसीपी, नेटबॉट्झ अशी नावं बाजारात आहेत, आणि एपीसीच्या युपीएसला नेटवर्क कार्ड आणि त्याला तापमानाचा प्रोब जोडता येतो. संस्थेत इलेक्ट्रॉनिक्सची हौस असलेलं कुणी असेल तर ईएसपी-३२ हा वायफाय असलेला छोटा प्रोग्रामेबल बोर्ड आणि थोडे सेन्सर घेऊन घरगुती यंत्रणाही उत्तम चालते.

तापमानासाठी डीएस१८बी२० हा सेन्सर चांगला. उणे १० ते ८५ अंशांत त्याची चूक अर्ध्या अंशाच्या आत असते आणि एकाच वायरवर अनेक सेन्सर जोडता येतात. डेटाच्या वायरला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावायला विसरू नका. बाजारात याच्या नकला फार आहेत, म्हणून खात्रीच्या दुकानातून घ्या. याचे दोन आकडे लक्षात ठेवा: ८५ दिसले तर सेन्सर नुकताच चालू झाला आहे आणि त्याने अजून मोजलेलंच नाही, उणे १२७ दिसले तर वायर सुटली आहे. हे दोन्ही प्रोग्राममध्ये गाळून टाका, नाहीतर मध्यरात्री आग लागल्याचा फोन येईल. पण उणे १२७ गाळताना 'सेन्सर तुटला' असा वेगळा निरोप जायला हवा.

दमटपणासाठी एसएचटी३१ घ्या. डीएचटी२२ चालतो. डीएचटी११ स्वस्त असला तरी तापमानातच दोन अंशांची चूक करतो, या कामाला तो नको.

लावण्याआधी तपासणी. वॉटरप्रूफ डीएस१८बी२० तपासायला बर्फ बारीक फोडून ग्लास भरा, फटी भरतील इतकंच गार पाणी घाला, ढवळा, आणि पाच मिनिटांनी सेन्सर मध्यभागी बुडवा. शून्य अंश यायला हवेत. जितका फरक, तितकी दुरुस्ती प्रोग्राममध्ये करा. दमटपणाच्या सेन्सरला मात्र पाण्यात बुडवायचं नाही. त्यासाठी बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, ओल्या वाळूइतपत होईल एवढे पाण्याचे थेंब टाका, झाकण आणि सेन्सर एका झिप लॉकच्या पिशवीत हवाबंद करा आणि रात्रभर ठेवा. मीठ सेन्सरला लागता कामा नये. खोलीचं तापमान २५ च्या आसपास असेल तर पिशवीत ७५ टक्के आर्द्रता होते. सेन्सर ८० दाखवत असेल तर तो पाच टक्के जास्त सांगतो आहे.

पायरी ६: दमटपणा आणि पाणी

कोकणात, मुंबईत, गोव्यात तापमानापेक्षा या गोष्टीकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. इथे नुसती टक्केवारी बघून फसायला होतं, कारण तीच हवा गार केली की टक्केवारी आपोआप वाढते. दवबिंदू बघायला शिका. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन पृष्ठभागावर बसायला लागते ते तापमान. बऱ्यापैकी दमट हवेसाठी कामचलाऊ हिशोब सोपा आहे: शंभरातून आर्द्रता वजा करा, पाचाने भागा, आणि उत्तर तापमानातून वजा करा. २४ अंश आणि ६० टक्के असतील तर ४० भागिले ५ म्हणजे ८, आणि २४ वजा ८ म्हणजे १६ अंश.

अॅश्रेच्या शिफारशीत दवबिंदूची वरची मर्यादा १५ अंश आहे. आर्द्रता हवा स्वच्छ असेल तर ७० टक्क्यांपर्यंत चालते, गंजवणारे वायू असतील तिथे ५० च्या आत हवी. खाडीकिनारी, रासायनिक कारखान्यांच्या शेजारी किंवा उघड्या गटारावर खिडकी असलेल्या खोलीत पन्नासचाच आकडा धरा.

आता जुलैमधली मुंबई घ्या. बाहेर ३० अंश, ८० टक्के आर्द्रता; दवबिंदू २६. आत तुम्ही खोली १८ वर ठेवली आहे. दार उघडं राहिलं की बाहेरची हवा आत येते आणि १८-२० अंशांच्या प्रत्येक थंड लोखंडावर, पत्र्यावर, केबलवर घाम धरते. म्हणून पावसाळ्यात सेटिंग २४ च्या खाली नेऊ नका, दाराला आपोआप बंद होणारा डोअर क्लोजर बसवा आणि दार किती वेळ उघडं राहिलं हे सांगणारा चुंबकाचा साधा सेन्सर लावा. गरजेपेक्षा मोठा एसीही इथे त्रास देतो: खोली चटकन गार होते, कॉम्प्रेसर थांबतो, पंखा मात्र फिरत राहतो आणि कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत मिसळतो. आलेखावर दमटपणा करवतीच्या दात्यांसारखा वर-खाली दिसला तर हेच चाललेलं असतं.

विदर्भ-मराठवाड्यात उलट काळजी असते, हवा कोरडी पडून स्टॅटिकचा झटका बसण्याची. पण तिथेही हिशोब करून मगच घाबरा. बाहेर ४२ अंश आणि फक्त १५ टक्के आर्द्रता असलेली हवा आत २४ अंशांवर आणली की तिचीच आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आसपास होते. एसी त्यातलं थोडं पाणी काढून घेतो, तरी परिस्थिती सहसा बरी असते. वीस टक्क्यांच्या खाली सतत राहू लागली तर यंत्राला हात लावताना मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा. एसी बिघडला म्हणून डेझर्ट कूलर मात्र कधीही आणून लावू नका. कूलर पाण्याची वाफ हवेत घालतो, आणि सोबत गवताच्या काड्या आणि खारट पाण्याचा फवाराही.

पाण्यासाठी दोरीसारखा लीक सेन्सर मिळतो. ओल लागली की तो बोलतो. तो एसीच्या खाली, ट्रेमध्ये आणि वरच्या मजल्यावर बाथरूम असेल तर त्या बाजूच्या भिंतीच्या पायाशी पसरा.

पायरी ७: नोंद ठेवणं

आकडे दर मिनिटाला साठवा. झॅबिक्स किंवा लिब्रेएनएमएस ही मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरेशी आहेत. प्रोमिथियस आणि ग्राफाना येत असेल तर तेही. पीआरटीजीची शंभर सेन्सरपर्यंतची मोफत आवृत्ती विंडोजवाल्यांना सोपी जाते. जे तुम्हाला बिघडल्यावर दुरुस्त करता येईल तेच निवडा. सगळ्या यंत्रांची घड्याळं एकाच वेळेला लावलेली असू द्या. लाईट कधी गेली आणि तापमान कधी चढू लागलं, हे नाहीतर जुळवता येत नाही.

दोन आठवडे नुसता आलेख बघा. दुपारी तीनला, पहाटे पाचला, बॅकअप चालू असताना खोली कशी वागते ते कळलं की इशाऱ्याचे आकडे ठरवणं सोपं होतं.

पायरी ८: इशारा

हीच पायरी सगळ्यात मनापासून करायची आहे. आकडे साठवणारी खूप ठिकाणं आहेत, वेळेवर माणूस पोचणारी कमी.

इशाऱ्याच्या पातळ्या मी अशा ठेवतो. रॅकच्या वरच्या सेन्सरवर २७ अंश सलग दहा मिनिटं: साधा संदेश. ३० अंश: फोन. ३५ अंश: मुख्य यंत्रं बंद करायला सुरुवात. शिवाय एक वेगळा इशारा चढाच्या वेगावर: पाच मिनिटांत तीन अंश वाढले की तापमान कितीही असो, लगेच फोन. हा शेवटचा इशारा २३ वरून २६ वर जातानाच वाजतो, तेव्हा तुमच्या हातात वेळ असतो. २७ ला वाजलेला इशारा २६.९ ला लगेच मिटवू नका, २५ च्या खाली गेल्यावरच मिटवा. नाहीतर एका दुपारी चाळीस संदेश येतात आणि चौथ्या दिवशी सगळे तो ग्रुप म्यूट करतात.

संदेशात काय लिहिलं आहे यावर रात्री दोनला उठलेला माणूस काय करेल हे ठरतं. 'हाय टेंपरेचर अलर्ट' यातून काही कळत नाही. असं लिहा:

"मुख्य शाखा, सर्व्हर रूम. रॅक वर ३१.५ अंश, १० मिनिटांत ४ ने वाढ. एसी १ ची हवा २८ (बंद?), एसी २ ची १४ (चालू). लाईट आहे. किल्ली वॉचमनकडे."

आता वाट. निगराणीचा प्रोग्राम त्याच रॅकमधल्या सर्व्हरवर असेल, संदेश त्याच खोलीतल्या राउटरमधून जात असेल आणि ते सगळं त्याच युपीएसवर असेल, तर ज्या रात्री गरज आहे त्याच रात्री शांतता असेल. म्हणून मोबाईलच्या सिमवर एसएमएस पाठवणारं एक स्वतंत्र उपकरण ठेवा, त्याला स्वतःची छोटी बॅटरी द्या. सिम८०० हे स्वस्त मॉड्यूल घेत असाल तर दोन गोष्टी: ते टूजीवर चालतं, त्यामुळे जिओचं सिम त्यात चालणार नाही, आणि संदेश पाठवताना ते क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं, साध्या यूएसबीवर ते रीसेट होत राहतं. सिमच्या रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहा.

याच्या जोडीला हार्टबीट हवा. खोलीतलं उपकरण दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सेवेला किंवा दुसऱ्या शाखेतल्या संगणकाला 'मी आहे' असं कळवतं. पंधरा मिनिटं काही आलं नाही तर बाहेरची बाजू बोंब मारते. आग लागो, वीज किंवा इंटरनेट जावो, उपकरणच बंद पडो, हा एक इशारा पोचतोच.

संदेश तीन माणसांना जाऊ द्या, आणि त्यातला एक खोलीपासून दहा मिनिटांवर राहणारा असावा. वॉचमनकाकांना संगणक येत नसला तरी दार उघडता येतं, एमसीबी बघता येतो. त्यांना विश्वासात घ्या, एकदा सगळं दाखवा, आणि दारावर मराठीत मोठ्या अक्षरांत कागद लावा: आधी एसीचा एमसीबी बघा, मग रिमोट, मग दुसरा एसी. दोन्ही एसी सुरू होत नसतील तर दार उघडा आणि पेडेस्टल पंखा दारात बाहेरच्या दिशेला तोंड करून लावा, गरम हवा बाहेर फेकायला. एसी सुरू झाला की दार लगेच बंद.

पायरी ९: आपोआप शटडाउन

३५ अंशांवर कुणीच पोचलं नाही तर सर्व्हर नीट बंद होणं हे डेटाबेस अर्धवट तुटण्यापेक्षा कितीतरी बरं. आधी बिनमहत्त्वाची यंत्रं आणि टेस्ट सर्व्हर, मग ॲप्लिकेशन, मग डेटाबेस, शेवटी स्टोरेज, असा क्रम ठेवा. नुसते बिनमहत्त्वाचे सर्व्हर बंद केल्यानेही उष्णता घटते आणि बाकीच्यांना वेळ मिळतो, म्हणून तो पहिला टप्पा ३२-३३ वरच घ्या. एनयूटी हे मोफत सॉफ्टवेअर युपीएसशी बोलतं. लाईट जाऊन ठरावीक वेळ झाली की तापमान चढायची वाट न बघताही ते बंद करायला सुरुवात करू शकतं. एकाच सेन्सरच्या भरवशावर शटडाउन लावू नका, दोन सेन्सर एकच सांगत असतील तरच.

पायरी १०: मुद्दाम एसी बंद करून बघा

वर्षातून दोनदा, एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा पाऊस सुरू झाल्यावर, सुट्टीच्या दिवशी, सगळ्यांना कळवून, बॅकअप घेऊन आणि तुम्ही स्वतः खोलीत उभे असताना एसीचा एमसीबी पाडा. घड्याळ लावा. पहिला संदेश किती मिनिटांनी आला, कुणाकुणाला आला, कोण पोचलं, ३० अंशांवर जायला किती वेळ लागला, हे लिहून ठेवा. ३० ला एसी परत चालू करा आणि खोली पुन्हा २५ वर यायला किती वेळ लागतो तेही लिहा. त्याच दिवशी लीक सेन्सरवर ओला रुमाल ठेवा, एक सेन्सर उपटून बघा, हार्टबीट पाठवणारं उपकरण बंद करा आणि हार्टबीटचा इशारा येतो का ते पहा.

या चाचणीतून तुमच्या खोलीचा स्वतःचा आकडा मिळतो. समजा ३० वर जायला अठरा मिनिटं लागली आणि सगळ्यात जवळच्या माणसाला यायला पंचवीस लागतात, तर ३५ ची शटडाउन पातळी तुमच्यासाठी उशिराची आहे. ती ३२ वर आणा, किंवा दुसरा एसी वेगळ्या फेजवर घेऊन जनरेटरला जोडा, आणि पुढच्या चाचणीत तेच मोजमाप पुन्हा घ्या.